डाव इंग्लंडचा, टेबल घोलवडचं

घोलवडला माझी चिकू पॅकिंगची शेड आहे. तिथं चिकू निवडायचं एक लांबरुंद टेबल आहे, चारी बाजूंनी लाकडी पट्टी मारलेलं, चिकू गडगडून खाली पडू नयेत म्हणून. दुपारी माल ट्रकवर चढला की टेबल रिकामं होतं, आणि मग त्यावर जगाचा नकाशा पसरतो. फासा कितीही जोरात टाका, पट्टीला आपटून आत येतो. या टेबलावर मी उभं आयुष्य लढाया खेळलो. बरेचदा हरलो, पण हरून कधी उठून गेलो नाही.

नकाशाचा हा खेळ इंग्लंडहून आला. इथल्या एका इराणी बागवाल्याला त्याच्या बहिणीनं पाठवला होता. त्याला त्याचा कंटाळा आला आणि त्यानं तो मला दिला. नियमांची पुस्तिका आमच्यापैकी कुणी पुरती वाचायच्या आत वाळवीनं वाचून संपवली. प्लास्टिकचे सैनिकही हळूहळू हरवले. तेव्हापासून माझं सैन्य म्हणजे चिकूच्या काळ्या बिया, बोर्डीच्या मास्तरांचं चिंचोके आणि तलासरीच्या कंडक्टरचं वालाचे दाणे. मास्तर शाळेतून निवृत्त, कंडक्टर एसटीतून. मी अजून शेड चालवतो, पण बायकोच्या मते मी जन्मापासूनच निवृत्त आहे.

पुस्तिका नव्हती म्हणून नियम आम्हीच केले. जो डाव जिंकेल त्याला पुढच्या डावासाठी एक नवा नियम करता येतो. त्याच वेळी आधीच्या विजेत्याचा एक नियम त्यानं मोडायचा असतो. मोडला तर चालेल असं नाही, मोडायचाच. मास्तर जिंकले की समुद्रातून हल्ला बंद करत, कंडक्टर जिंकला की तो पुन्हा चालू होई. कुणाचाही आडमुठेपणा एका डावापेक्षा जास्त टिकू नये, एवढाच हेतू. मला हीच लोकशाही वाटायची.

आजकालच्या खेळांबद्दल मला विचारू नका. लग्नात नवरदेवाचे मित्र एकमेकांना खेटून बसतात आणि फोनवर अनोळखी माणसाशी ल्युडो खेळतात. त्या फोनमधला फासा टाकतो कोण? ज्यानं फोन बनवला तोच ना? मग सहा पडले याचा आनंद कसला? मी एकदा हे एका पोराला विचारलं तर तो म्हणाला, "काका, तुम्ही फार विचार करता." खेळताना विचार करणं हा आता दोष झाला आहे. पूर्वी हरल्यावर समोरच्याचं तोंड बघावं लागायचं. आता हरलं की ॲप काढून टाकायचं. माणसं एकमेकांनाही तशीच काढून टाकतात, हे मी तिघांच्या टेबलावर बसून बघत आलो आहे.

खेळ इंग्लंडचा, म्हणून गप्पाही इंग्लंडच्या. नकाशात तो देश नखाएवढा, पण मास्तर पेपरातली तिथली एक ओळ सोडत नसत. मधली काही वर्षं तर अशी गेली की घोलवडहून निघालेली चिकूची पेटी दिल्लीच्या मंडईत फुटेपर्यंत तिथला पंतप्रधान बदललेला असायचा. कंडक्टर म्हणायचा, "आमच्या डेपोत मॅनेजरपण एवढे बदलले नाय." त्याआधी त्यांनी युरोपशी काडीमोड घेतला होता. आम्ही टेबलावर त्याचा निकाल लावून टाकला होता: युती मोडणारा दुसऱ्याच खेपेला शेजाऱ्याकडे सैन्य मागायला जातो. तसंच झालं. युरोपातली कामकरी माणसं यायची कमी झाली आणि मग त्यांना प्रश्न पडला की आपल्या म्हाताऱ्यांना भरवणार कोण. तेव्हा त्यांनी केअर होममधल्या कामाचा व्हिसा खुला केला आणि आमच्याकडच्या पोरींना बोलावलं. नवऱ्याला, मुलांना घेऊन या म्हणाले.

माझी मुलगी डहाणूत एका दवाखान्यात नर्स होती. तिनं अर्ज केला. तिची परीक्षा झाली, मुलाखत झाली, कागद मात्र तिकडच्या कुठल्यातरी टेबलावर पडून राहिले. ते हलले तोवर तिकडच्या सरकारनं नियम फिरवला: काम करणारीनं यावं, नवरा आणि मुलं आणू नयेत. त्या वेळी माझी नात बालवाडीत होती.

मुलगी जायचं रद्द करणार होती. त्या रविवारी ती आणि जावई शेडमध्ये आले. टेबलावर डाव मांडलेला होता. मास्तरांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "निवडणूक आलीच आहे. हे सरकार पडतंय. नवीन येईल तो आधी हाच नियम मोडेल." कंडक्टरनंही मान हलवली. मीही ठामपणे म्हणालो की जा, सहा महिन्यांत लेकीला बोलावून घेशील. नव्या पक्षानं असं कुठं कबूल केलं होतं का, हे आमच्यापैकी कुणी पाहिलंही नव्हतं. जिंकणारा आधीच्याचा नियम मोडतो, हे आम्हाला सूर्य उगवण्याइतकं साधं वाटत होतं. मुलगी गेली. जावई सरीगामच्या कारखान्यात पाळीवर असतो, म्हणून नात मसोलीला आमच्या घरी राहायला आली.

इंग्लंडला पोचल्यावर मुलीला कळलं की निवडणुकीत तिलाही मत आहे. कॉमनवेल्थमधल्या देशाचं माणूस तिथं कायद्यानं राहत असलं की त्याला मत देता येतं म्हणे. ज्या बाईला स्वतःचं मूल आणायची परवानगी नाही, तिला देशाचा पंतप्रधान निवडायची परवानगी आहे. मास्तर या गोष्टीवर दोन दिवस हसत होते. मग आम्ही तिघांनी नकाशाभोवती बसून ठरवलं की तिनं कुणाला मत द्यायचं, आणि तिनं आमचं ऐकून विरोधी पक्षाला दिलं.

त्याच दिवशी तिनं तिच्या देखरेखीखालच्या एका म्हातारीलाही चाकाच्या खुर्चीतून मतदानाला नेलं. ही बाई एकटी, तिचं विसरण्याचं दुखणं वाढत चाललेलं, दुसऱ्या कुणाच्या हातून जेवत नाही. बाहेर आल्यावर म्हातारीनं माझ्या मुलीचा हात दाबला आणि सांगितलं, "या सगळ्या बाहेरच्यांना घालवणाऱ्याला दिलं बघ मी. तू नाही हं, तू आमची आहेस." मुलगी फोनवर हे सांगताना हसली. मी हसलो नाही. मला त्या बाईचा रागही आला नाही, कारण इथं तलासरीच्या नाक्यावर बाहेरून आलेल्या मजुरांबद्दल मी याहून वेगळं काही ऐकत नाही.

आमचा पक्ष जिंकला. मास्तरांनी पेढे आणले. आम्ही नियम मोडायची वाट बघू लागलो.

नियम मोडला नाही. पहिले काही महिने मी म्हणत होतो की नवीन आहेत, बसू दे नीट. मग मास्तर पेपर आणायचे आणि घडी न उघडता बाजूला ठेवायचे. जिंकलेल्यांनी हरलेल्यांचा नियम जसाच्या तसा ठेवला आणि वर आपले दोन घातले. केअरच्या कामाला बाहेरून नवीन माणूस घ्यायचं बंद केलं. कायमचं राहायची परवानगी पाच वर्षांनी मिळायची, ती मुदतही दुप्पट, कदाचित त्याहून जास्त करायचं चाललं आहे. कारण काय, तर त्या दोघांच्या मागून तिसराच एक पक्ष येतोय, याहून कडक बोलणारा, आणि सगळे त्याला घाबरून त्याच्यासारखे वागतायत. कंडक्टरनं हे ऐकून वालाचे दाणे डब्यात भरले. "शेठ, यांचं तिघांचं सैन्य एकच हाय. आपण उगाच रंग मोजत बसलो," तो म्हणाला.

नियम मोडायची ती पद्धत आमचीच होती, तिथं कुणाला ठाऊकही नव्हती. सहीशिक्क्यांवर चालणाऱ्या देशाचा कारभार आम्ही चिंचोक्यांच्या हिशेबानं चालेल असं धरून बसलो. पण मला खरं सांगायचं तर राग माझा अजून त्यांच्यावरच आहे. माणसाला बोलावल्यावर दार अर्धं लोटून घेणं ही कुठली रीत? आणि रागावून उपयोग नाही हेही कळतं. इथून मी कुणाला जाब विचारणार?

यात मुलगी अडकली ती अशी. ती तिथं राहिली तर तिची लेक तिच्याजवळ जाऊ शकत नाही. ती परत आली तर लेक मिळेल, पण पुन्हा तिकडे जायचा रस्ता कायमचा बंद, आणि एवढी वर्षं पोरीपासून दूर राहून जे कमवायला गेली ते सगळं फुकट. बायको म्हणते, "येऊ दे तिला, भाकरी काय इथं मिळत नाही?" जावई म्हणतो की अजून थोडं थांबू. मला रोज सकाळी एकाचं पटतं आणि संध्याकाळी दुसऱ्याचं. इंग्लंडच्या प्रत्येक पंतप्रधानाला मी या शेडमधून सल्ला दिला आहे, आणि स्वतःच्या मुलीला द्यायला माझ्याकडे एक वाक्य नाही.

नातीचे पुढचे दात पडून नवे आले आहेत. तिला शाळेतल्या गुजराती मैत्रिणींमुळे गुजराती येते, मराठी येते, आणि आई कधी कामावरून फोन करते तेव्हा मागे ऐकून ऐकून इंग्रजी "गुड गर्ल" येतं, जे तिकडे त्या म्हातारीनं घास घेतला की तिला म्हटलं जातं. रविवारी दुपारी फोन येतो. आधी ती फोन धरून घरभर फिरायची, मांजर दाखवायची, वही दाखवायची. आता बसल्या जागेवरून बोलते. अभ्यास झाला का, झाला. जेवलीस का, जेवले. मुलगी तिकडून काहीतरी अजून विचारायचं शोधत असते आणि मी खोलीतून बाहेर जातो, कारण मला ते बघवत नाही.

मागच्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी मात्र मी बाहेर गेलो नाही. मुलीचा आवाज बसलेला होता. ती आम्हा सगळ्यांना म्हणाली, "माझं ठरत नाहीये. खूप झालं असं वाटतं. मी येऊ का परत? बाबा, तुम्ही बोला ना काहीतरी." बायको माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "तिलाच विचार," आणि फोन नातीच्या हातात दिला. माझ्या मनात होतं की पोर आता 'ये' म्हणेल आणि प्रश्न मिटेल.

मुलीनं विचारलं, "मी कायमची घरी येऊ का गं? तुझ्याजवळ?"

नातीनं खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, नीट, मोठ्या माणसासारखा.

"मग त्या आजीला कोण भरवणार?" ती म्हणाली. "ती दुसऱ्या कुणाकडून खात नाही ना. मला तर इथं आजी आहे."

फोनवर मुलीचा चेहरा हलत नव्हता, म्हणून बायकोला वाटलं नेटवर्क गेलं. मग मुलगी म्हणाली, "हो गं, खरंच," आणि कामावर जायचंय म्हणून फोन ठेवला. नात समजूतदारपणे बोलली म्हणून बायकोनं तिला जवळ घेतलं, आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

त्यानंतर मुलीनं परत यायचा विषय काढलेला नाही. व्हिसाची मुदत संपत आली होती, तिनं ती वाढवून घेतली. आम्हाला ते जावयाकडून कळलं.