रुक्माची शेवटची फेरी

रुक्मा नापास झाली त्यात माझा काही दोष नाही, असं गेले आठ दिवस मी स्वतःला सांगतोय. आता तुम्हीही ऐका आणि काय ते ठरवा.

मी शिवानंद. रामनगरात माझं हार्डवेअरचं दुकान, आणि सहा वर्षं मी आमच्या कराटे क्लबचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे काय, डोंबल! हॉल मिळवायचा, सतरंज्या आणायच्या, पाहुण्यांना उप्पीट द्यायचं. मला स्वतःला लाथ उचलायची म्हटली तर कंबर धरते. ह्या भानगडीत पडलो तो मुलीपायी. माझी वैष्णवी तिथं शिकायची.

आणि तिला तयार केलं रुक्मानं. नावाला शिकवायचे पुंडलिक सर, पण त्यांचा सगळा वेळ मुलग्यांवर ओरडण्यात जायचा. पोरींचे पाय सरळ करणं, मूठ कशी आवळायची ते दाखवणं, पडली तर उठवणं, हे सगळं रुक्माच्या अंगावर.

रुक्मा दिग्गीकडची, कुणब्यांची. वय बत्तीस. घरी भाताची चार खाचरं आणि जंगलातली मजुरी, म्हणून ही इथल्या मुलींच्या हॉस्टेलात स्वयंपाकाला आली. हॉस्टेलच्या पोरींना क्लासला सोडायची आणि दाराशी उभी राहून बघत बसायची. एक दिवस सर म्हणाले, "बाहेरनं काय बघतेस, ये की आत." ही पदर खोचून आत आली ती आलीच. पहाटे उठून साठ जणींच्या भाकऱ्या थापायच्या, आणि शनिवार-रविवार क्लासला हजर. आठ वर्षांत ब्राऊन बेल्टपर्यंत पोचली. बाजारात लोक टिंगल करायचे, "काय रुक्मे, वाघाला लाथ घालणार व्हय?"

ही म्हणायची, "वाघ बरा. त्यो वाटंत आडवा येऊन नाव इचारत न्हाई."

एकच खोड होती तिची. आपल्याकडं कुणाला चुकून पाय लागला की आपण त्याला हात लावून तो हात कपाळाला लावतो ना, ती सवय तिच्या हाडात मुरलेली. हिची लाथ समोरच्या पोरीच्या पोटात बसली रे बसली की हिचा हात त्या पोरीला लागून कपाळाला जायचाच. सर डोकं धरायचे. "अगं बाई, मारायचीच आहे ना लाथ? मग माफी कसली मागतेस!" सगळा क्लास खदाखदा हसायचा, तीही हसायची. वर्षभर खपून तिनं ती सवय मोडली. म्हणजे बरोबरीच्या आणि लहान पोरींपुढं मोडली, तेवढीच.

यंदा हॉस्टेलात मुलींना कराटे शिकवायची एक जागा निघाली. वॉर्डनबाई रुक्माला म्हणाल्या, "ब्लॅक बेल्ट घेऊन ये, मी तुझंच नाव धाडते. घरचं माणूस सोडून दुसरं कशाला बघू?" हे सांगायला रुक्मा धावत माझ्या दुकानात आली. "अण्णा, त्या पोरींनी आजवर ताट पुढं करूनच माझ्याकडं बघितलंय. एकदा माझ्यापुढं रांगेत उभ्या ऱ्हाऊन बघूदेत."

मी म्हटलं, "होणार बघ तुझं." खरंच मनापासून म्हटलं. आमची वैष्णवीही त्याच परीक्षेला बसणार होती, बी.ए. करून वर्षभर घरात बसलेली. पण त्या वेळी ते माझ्या डोक्यात नव्हतं. निदान मला तसं वाटतं.

दोन दिवसांचं शिबिर आणि शेवटी परीक्षा. परीक्षक हुबळीचे मोठे सर, पुंडलिक सरांचे गुरू, पासष्टी ओलांडलेले, पांढरी दाढी. शनिवारी सकाळी कॅसलरॉकची पोरं रेल्वेनं येऊन पोचली, चाळीस जणांची रांग लागली आणि एकेकानं मोठ्या सरांच्या पायावर डोकं ठेवलं. मग त्यांनी नियम सांगितले. एक नियम असा, की एखाद्या निकालाबद्दल शंका असेल तर यादी वाचायच्या आत क्लबच्या सेक्रेटरीनं हात वर करायचा, फेरी पुन्हा घेतली जाईल. सेक्रेटरी म्हणजे मी.

शनिवारी रुक्माचं कुठंच काही चुकलं नाही. रविवारी दोन लढतीही जिंकली. राहिली शेवटची फेरी, आणि ती मोठे सर स्वतः घेतात. वैष्णवीची आधी झाली. बेताचीच खेळली, पण मागं हटली नाही.

मग रुक्मा. पहिल्याच मिनिटाला तिची लाथ सरांच्या बरगडीत अशी बसली की हॉलमधली पोरं "आयला!" म्हणून ओरडली. आणि त्याच क्षणी ती वाकली. दोन्ही हात खाली सोडून. एक हात सरांच्या छातीला लावून तिनं तो कपाळाला लावला.

सरांनी तिला तिथंच आडवी केली. पाय काढून घेतला, ती पाठीवर आदळली, वरनं छातीत ठोसा. "रिंगणात वयबिय काही नसतं," ते म्हणाले. "हिच्यात लढायची वृत्ती नाही. नापास."

कपाळ माझं! काल ह्याच माणसानं चाळीस जणांकडनं पाया पडून घेतलं, तेव्हा वय होतं, आज नाही? पुंडलिक सर माझ्या कानाशी आले. "शिवानंद, हात वर कर. मी गुरूपुढं बोलू शकत नाही, तू बोल." रुक्मा भिंतीला टेकून माझ्याकडंच बघत होती.

माझ्या हातात उप्पीटाची ताटली होती. ती खाली ठेवायला कितीसा वेळ लागतो? पण रुक्मा पास झाली तर जागा तिची, आणि नाही झाली तर माझ्या पोरीची, एवढा हिशोब तेवढ्यात झाला माझ्या डोक्यात. मी पुंडलिक सरांना म्हटलं, "थांबा जरा, हे खाऊन होऊदे." खाली मान घालून खात राहिलो. यादी वाचली गेली. त्यात वैष्णवीचं नाव होतं, रुक्माचं नव्हतं.

बुधवारी हॉस्टेलातनं वैष्णवीच्या नावाचं नेमणुकीचं पत्र आलं.

गुरुवारी रुक्मा दुकानात आली. मी तोंड उघडायच्या आत तिनं हॉलची किल्ली काउंटरवर ठेवली. झाडायला तिच्याकडंच असायची ती. मी म्हटलं, "अगं, पुढच्या वर्षी परत बस की. नियमच तसा, मी तरी काय करणार?"

"खोटं बोलू नका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमची पोर हुती म्हणून तुम्ही हात वर केला न्हाई. माजी पोर असती तर मीबी केला नसता कदाचित. पण मग मी तुमच्या दारात येऊन पुढच्या वर्साचं सांगितलं नसतं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "चहा घे." ती तोवर रस्त्यावर गेली होती.

दुकानामागच्या आतल्या खोलीत वैष्णवी नवा ड्रेस इस्त्री करत होती. तिनं विचारलं, "बाबा, रुक्माक्काचा आवाज आला ना? काय म्हणत होती?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुला शाबासकी द्यायला आली होती."

पोरगी खूश झाली. म्हणाली, "मला वाटलंच होतं, ती येणार."