चिंचणीच्या मुलाचे मनोगत

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंचे. सातवीनंतर बापाने मला चिकूच्या वाडीत कामाला लावले, तेव्हा त्या सलग चार दिवस वेवजीला आमच्या घरी आल्या. चौथ्या दिवशी बाप वैतागून म्हणाला, "बाई, तुम्हीच ठेवून घ्या याला."

"चालेल. याचे कपडे द्या."

मी शाळेत परतलो आणि पुढे आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.

सत्कार मात्र केला डहाणूच्या एका बँकेच्या चेअरमननी. हे शेठ नगरसेवकही होते. बसथांब्याच्या बाकापासून स्मशानातल्या नळापर्यंत सगळीकडे त्यांचे नाव रंगवलेले. ते दरवर्षी गुणवंतांना शाल पांघरवत. शाल एकच. फोटो निघाला की शिपाई ती हळूच उतरवून पुढच्यासाठी पुन्हा शेठच्या हातात देई.

बँकेत क्लार्कची जागा देण्याचे त्यांनी मला कबूल केले होते. त्याआधी व्यासपीठावरून एक छापील मनोगत वाचायचे होते. शिपायाने कागद ऐनवेळी हातात दिला. मी वाचू लागलो, "मी चिंचणीच्या कोळ्याचा मुलगा. शेठसाहेबांनी बोट धरले नसते तर आज होडीवर असतो." कागद गेल्या वर्षीच्या मुलाचा होता. मी रानातल्या वेवजीचा, होडीत कधी पाय ठेवलेला नव्हता. तरी शेवटपर्यंत वाचले. शेठनी डोळे पुसले, टाळ्या पडल्या. बाईंना मीच आग्रहाने बोलावले होते. त्या मागच्या रांगेतून उठल्या आणि निघून गेल्या.

मी शेठना चूक सांगितली, तेव्हा ते ढोकळा खात होते. "अरे भाई, चिंचणी काय ने वेवजी काय, बद्धं, सगळं आपलंच. कागद शिपायाला परत दे, पुढच्या वर्षी लागेल."

माझे बोट धरणाऱ्या या माणसाला मी रानातला की दर्यावरचा, हेही ठाऊक नव्हते. आणि त्याच्यासमोर मी हात जोडून उभा होतो. दोन दिवसांनी मी पत्र टाकले.

"बाई,

कागद दुसऱ्याचा आहे हे मला पहिल्याच वाक्याला कळले होते. नोकरी जाईल म्हणून वाचणे थांबवले नाही. तुम्ही समोर आहात, हेही दिसत होते. ती जागा मी घेतलेली नाही. बाप चिडला आहे. म्हणतो, चिंचणीचा तर चिंचणीचा, पगार तर वेवजीला आला असता. रविवारी तुमच्याकडे येतो. बोलावेसे वाटले नाही तर बोलू नका, मी ओट्यावर बसेन."