मॅनेजरच्या बाजूने कोण बोलणार

आधी माफी मागतो. एखाद्या माणसावर लिहायचं तर लिहिणाऱ्याकडे थोडं वय आणि थोडी भाषा असावी लागते असं मला वाटतं, आणि माझ्याकडे दोन्ही अजून यायचं आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत कुणाला अर्ज करायचा असला की कागद माझ्यापुढे येतो, आणि याला लिहिता येतं असं सगळे धरून चालतात. अर्ज वेगळा आणि हे वेगळं, हे मला कळतं. पण आत्याच्या यजमानांबद्दल कुणीतरी लिहायला हवं आणि दुसरं कुणी लिहील अशी चिन्हं नाहीत. आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणतो. तर मामांबद्दल पहिली गोष्ट सांगायची ती ही, की इंग्लंडातल्या एका नामवंत फुटबॉल क्लबचे आजवरचे सगळे मॅनेजर मामांनी महाडजवळच्या बिरवाडीत बसून काढले आहेत. क्लबच्या मालकांना वाटतं की ते आपण काढले. पण त्यांचा निर्णय येतो तो मामांच्या निर्णयानंतर, कधी आठवड्याने, कधी महिन्याने, आणि मामा मोठ्या मनाने म्हणतात, "लांब हाय ना, पोचायला वेळ लागतो." क्लबचं नाव मी लिहीत नाही, कारण मामांनीच बजावलं आहे. "जिंकू दे आधी, मग छाप."

मामा औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत. जन्म कबड्डीच्या गावात, तारुण्य क्रिकेटच्या काळात, मग हा फुटबॉल कुठून आला याचं मला पहिल्यापासून कुतूहल होतं. कॉलेज महाडला असल्यामुळे मी आत्याकडे राहायला आलो आणि हळूहळू विचारत गेलो. कंपनीत पूर्वी केरळचा एक सुपरवायझर होता. शिफ्ट सुटली की तो कँटीनच्या मागे चार माणसं गोळा करून बॉल खेळायचा. पुढे तो आखातात गेला. जाताना बॉल आणि क्लब दोन्ही मामांकडे ठेवून गेला. बॉल फुटला, क्लब अजून आहे. ज्या शहराचा क्लब हरला की मामा जेवत नाहीत ते शहर त्यांनी नकाशावरही पाहिलेलं नव्हतं. मी एकदा मोबाईलवर दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "पाऊस पडतो का रे तिथे?" पडतो, पुष्कळ पडतो, मी म्हणालो. "मग बरोबर," ते म्हणाले, जणू सगळ्याचा उलगडा झाला. मला मात्र अजून झालेला नाही.

मॅनेजर काढण्याची जागा म्हणजे नाक्यावरच्या बेकरीचं बाकडं. बेकरीवाला केरळचा. त्याला सगळे अण्णा म्हणतात. केरळात असं म्हणत नाहीत हे त्याने सुरुवातीला सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. अण्णाचा क्लब वेगळा आणि तो जिंकणारा, त्यामुळे अण्णा कायम शांत असतो. "मामा, तुमचा मॅनेजर गेला म्हणे?" तो खारी बांधता बांधता विचारतो. "गेला नाय, काढला," मामा सांगतात. खोल्या भाड्याने घेऊन राहणारे कामगार संध्याकाळी तिथे जमतात, त्यात बंगालची पोरं असतात, ओडिशाची असतात, आणि पुढचा मॅनेजर कोण यावर हिंदी-मराठीत असा वाद होतो की रिक्षावाले रिक्षा थांबवून ऐकतात. पण या वादाला मामांचा एक नियम आहे. ज्याला काढायचं त्याच्या बाजूने कुणीतरी बोललंच पाहिजे. "कोणी बोललं नाय तर तो काढला नाय, हाकलला," असं ते म्हणतात. हा नियम कुठून आला, मी एकदा विचारलं. पूर्वी त्यांच्या एका सोबत्याला कंपनीच्या गेटवरूनच परत पाठवलं होतं आणि तेव्हा कुणीच बोललं नव्हतं, एवढंच त्यांनी सांगितलं. त्या 'कुणीच'मध्ये ते स्वतः होते का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

बोलायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. "शिकलेला हायस, तू बोल भाच्या." मी चार लोकांत बोलायला लागलो की वाक्याच्या मध्येच अडकतो, तरी मी मन लावून तयारी करायचो. चांगले खेळाडू जखमी होते, मालकांनी नवे घेऊन दिले नाहीत, माणसाला अजून एक वर्ष मिळायला हवं. मामा मान हलवत पूर्ण ऐकून घ्यायचे. "मुद्दा चांगला हाय," म्हणायचे, आणि मॅनेजर काढायचे. माझ्याच्याने एकही वाचला नाही.

नवा निवडण्याची रीत त्याहून निराळी. नव्या माणसाची पत्रकारांपुढची पहिली मुलाखत मामा मोबाईलचा आवाज बंद करून बघतात. इंग्रजी कळत नाही हे कारण नव्हे, कारण मी शेजारी बसून भाषांतर करायला तयार असतो. "बोलतात सगळेच चांगलं. हात बघ." एकाने बाटलीतून पाणी प्यायलं आणि झाकण न लावताच ती टेबलावर ठेवली. मामांनी त्याला तिथेच नापास केला. "झाकण लावत नाय तो मागची फळी काय सांभाळनार?" त्याच माणसाने पुढे दुसऱ्या क्लबला मोठा कप जिंकून दिला, तेव्हा अण्णाने आठवण करून दिली. "बाटली बदलली असेल," मामा म्हणाले. दुसऱ्या एकाने मुलाखतीआधी शेजारच्याची खुर्ची सरळ करून दिली, म्हणून मामांनी त्याला डोक्यावर घेतला. त्याच्या हाताखाली क्लब इतका हरला की अण्णाने स्वतःहून खारीचे पैसे घेणं बंद केलं.

ही सगळी विद्या वापरायला मामांकडे त्यांची स्वतःची टीम होती. बिरवाडीची पोरं आणि भाडेकरू कामगार मिळून ती झालेली. भात कापून झालं की शेतात मैदान व्हायचं, खुंट पायाला टोचायचे, आणि मामा बांधावर हाताची घडी घालून उभे राहायचे, इंग्लंडातले उभे राहतात तसे. मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोक येतात तेव्हा टीम रस्त्यावर पाणी वाटते. तिथेही मामा पोरांना जागा लावून उभे करतात. मागे पिंपांपाशी चौघे, मध्ये जग घेऊन तिघे, पुढे ग्लास घेऊन तिघे, आणि गोलकीपर रिकाम्या ग्लासांच्या टोपलीजवळ. एकदा मधला पोरगा गर्दीत पुढे निघून गेला तर मामा ओरडले, "मधली फळी मोकळी पडली रे." नागपूरकडच्या एक आजी पाणी पीत होत्या. "काय पडलं रे बाबू?" त्यांनी काळजीने विचारलं. मामांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि सगळी रचना समजावून सांगितली. आजींनी नीट ऐकलं. "पुढं आणखी एक पोरगं पाहिजे तुले," त्या म्हणाल्या, "गर्दी तं पुढंच हाये." मामांनी ताबडतोब मागचा एक पुढे घेतला. कुणाच्या सल्ल्याने मामांनी रचना बदलल्याचं माझ्या माहितीतलं हे एकच उदाहरण.

गेल्या वर्षी टीम हरायला लागली. थोडी नाही, लागोपाठ. त्याच सुमारास महाडच्या एका शाळेत खेळाचे नवे शिक्षक आले होते, साताऱ्याकडचे, विद्यापीठाच्या टीममधून खेळलेले. संध्याकाळी मोटरसायकलवरून येऊन ते पोरांना पळायचं कसं, पाय मोकळे कसे करायचे ते दाखवू लागले. मामा बांधावरून त्यांना बघत राहायचे. एक दिवस माझ्याकडे न बघता म्हणाले, "झाकण लावतो तो." त्या आवाजात कौतुक होतं की आणखी काही, ते मला ठरवता आलं नाही.

टीमचा कप्तान रिक्षा चालवतो. नवीन मॅनेजरचा विषय पोरांत सुरू झाला होता, पण मामांपुढे काढायची त्याची हिंमत होत नव्हती. विषय मामांनीच काढला, बेकरीच्या बाकड्यावर, अगदी इंग्लंडातल्या माणसाबद्दल बोलावं तसा. "पोरं भांडायची बंद झाली रे माझ्याशी. आधी मी डावीकडे म्हटलं की उजवीकडे का नको म्हनून भांडायची. आता 'हो मामा' म्हनतात. मॅनेजर संपला की पोरं गुणी होतात." अण्णा खारी बांधायचा थांबला. मामांनी पुढचंही ठरवून टाकलं होतं. रविवारी विहाराच्या ओट्यावर सभा घ्यायची, हात वर करून ठरवायचं, आणि ते स्वतः सभेला येणार नाहीत. "मानूस समोर असला की लोक लाजतात, खरं बोलत नाय." त्या दिवशी ते गुडघे शेकायला सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाणार होते. आणि मी त्या खेळाच्या सरांच्या बाजूने बोलायचं होतं.

"तुमच्या बाजूने बोलतो ना मी," मी म्हणालो.

"सर बाहेरचा मानूस. त्याचं हितं कोण हाय? तू बोल."

मामांची नोकरी संपत आलेली होती. मूलबाळ नाही. कंपनी सुटल्यावर संध्याकाळी जायला ते शेत सोडलं तर त्यांना जागा नव्हती, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. मग तुम्ही काय करणार, असं मी विचारलं. "बेकरी हाय की," ते म्हणाले आणि उठले.

रविवारी ओटा भरला. पोरं होती, काहींचे आईबाप होते, अण्णा खारीची पिशवी घेऊन कडेला बसला होता. आत्या टीमचे धुतलेले टीशर्ट पोचवायला आली होती, ती पायरीवर बसली. मी उभा राहिलो आणि सरांच्या बाजूने बोललो. सर शिकलेले आहेत, पोरांचे पाय दुखायचे थांबले आहेत, त्यांचा इथे कुणी नातलग नाही म्हणून ते सगळ्यांना सारखं धरतील. एकदाही अडकलो नाही. असं आजच का व्हावं, याचं मला बोलता बोलताच वाईट वाटत होतं.

मग कप्तानाने नियमाप्रमाणे विचारलं, "मामांच्या बाजूने कोण बोलनार?" सगळे खाली बघू लागले. प्रेम नव्हतं असं नाही. बोलायचं काय हेच कुणाला सुचत नव्हतं. शेवटी पायरीवरून आत्या म्हणाली, "मी बोलते."

ती उठली नाही. टीशर्टांची थप्पी मांडीवर तशीच धरून बोलली. "पोलादपूरला आपन हरलो. का हरलो ते कोणी बोलत नाय. डावीकडचा आपला पोरगा दमला होता, पाय उचलत नव्हता त्याचा. ह्यांना दिसत नव्हतं काय? दिसत होतं. बाहेर दुसरा पोरगा तयार उभा होता. पन त्या दिवशी ह्याची आई आलेली, वरच्या वाडीतनं चालत, पयल्यांदाच पोराला खेळताना बघायला. तिच्यासमोर त्याला बाहेर कसा काढायचा? म्हनून ह्यांनी काढला नाय. त्याच बाजूनं दोन गोल झाले. चूक ह्यांचीच हाय. पन कसली चूक हाय ती बघा, आनि मग काय ते ठरवा."

डावीकडचा तो पोरगा माझ्या शेजारीच बसला होता. तो मान वर करेना. थोड्या वेळाने कप्तानाने हात वर करायला सांगितले, आणि सरांचं ठरलं.

सवला मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून निकाल सांगायला मी कप्तानाच्या रिक्षातून गेलो. कप्तान रिक्षातच बसून राहिला. मामा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून एकटेच बसले होते. मला बघून त्यांनी बाजूला सरकून जागा दिली.

"झाली सभा?"

"झाली. सरांना घेतलं."

"तू चांगला बोललास?"

"बरा बोललो."

त्यांनी मान हलवली. मग पाण्याकडे बघतच विचारलं, "माझ्या बाजूने कोण बोललं?"

"आत्या."

मामांनी माझ्याकडे वळून पाहिलं. काय बोलली, त्यांनी विचारलं, आणि मी शब्दन् शब्द सांगितला, पोलादपूर, पोराचे पाय, त्याची आई, दोन गोल. ते ऐकत होते तसे पाण्यातले त्यांचे पाय हलायचे थांबले. वाफ वर येत होती.

"आनि हात?" शेवटी ते म्हणाले. "हात कोणाला वर केला तिने?"

हे ते विचारतील असं मला वाटलं नव्हतं. खोटं सांगावं असं क्षणभर मनात आलं.

"सरांना."

मामांनी पाय पाण्याबाहेर काढले आणि दुमडलेली पँट खाली सोडली.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "खेळ समजतो तिला."