धोत्रा कोणाचा

आमच्या गावात एखादा नवरा सगळा पगार बायकोच्या हातात ठेवू लागला, की लोक हळूच त्याच्या परसात डोकावतात. धोत्रा उगवलाय का, ते बघायला. नवऱ्याला वठणीवर आणायचं तर कॉफीतून थोडा धोत्रा पाजायचा, मग तो गरीब गाय होतो, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाजताना कुणी कुणाला पाहिलेलं नाही. पाजला म्हणून बदनाम झालेल्या बायका मात्र दर गल्लीत सापडतील.

अशा गावात दॉन एव्होदियोने धोत्र्याची बाग लावली होती. हौसेने, परसाच्या उंच भिंतीआड, बियांपासून, आणि मिळतील तितक्या जातींची.

एव्होदियोची उमेदीची सगळी वर्षं तेवाकान शहराजवळच्या एका बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात गेली. रिकाम्या बाटल्या दिव्यासमोर धरायच्या आणि आत कचरा दिसला तर बाजूला काढायच्या, एवढंच त्याचं काम. निवृत्त झाल्यावर बघायला काहीच उरलं नाही, म्हणून तो बिया बघू लागला. रानधोत्र्याची बी तपकिरी, कानाच्या आकाराची. रस्त्याकडेच्या काटेरी धोत्र्याची काळी. लांबच्या गाडीवर असलेला ओळखीचा एक ड्रायव्हर उत्तरेकडच्या वाळवंटातून बोंडं आणून द्यायचा. त्या झाडाचं फूल पांढरं, पण घशात जांभळं वलय. एका जातीची पानं ओकच्या पानांसारखी कातरलेली, तर एकीचं फूल जांभळं आणि झग्यात झगा घातल्यासारखं दुहेरी.

या बिया भलत्या हट्टी. त्या तो सँडपेपरवर हलकेच घासायचा, भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचा, तरंगतील त्या फेकून द्यायचा. मग चरबीच्या आणि रंगाच्या जुन्या डब्यांत पेरायच्या आणि वाट बघायची. एक आज उगवायची, शेजारची पुढच्या महिन्यात. बीच्या टोकाला पांढरा मऊ गर असतो, त्यासाठी मुंग्या अख्खी बी उचलून न्यायच्या. एव्होदियो त्यांच्या मागे गुडघ्यांवर रांगत जायचा आणि त्यांना शिव्या द्यायचा. हात मात्र दर वेळी साबणाने धुवायचा. धोत्र्याला तो मानत असे.

त्याची बायको एल्पिदिया त्याला म्हणायची, "अरे म्हाताऱ्या, एवढ्या कष्टात टोमॅटो लावले असतेस तर खाल्ले तरी असते!"

"टोमॅटो काय, कुणीही लावतो," तो म्हणायचा.

एल्पिदियाला त्या झाडांत काडीचा रस नव्हता. तिचा जीव होता मोलेत. मिरच्या, तीळ, दाणे, चॉकलेट सगळं भाजून, वाटून ती जो दाट काळा रस्सा करायची, त्याच्याशिवाय आमच्या गावात बारसं, लग्न किंवा दिवस काही पार पडत नसे. मोठ्या हंड्यात पळी फिरवत उभी असायची तेव्हा पाद्रीसुद्धा तिला वळसा घालून जायचे. लोक तिच्या घरी येऊन तारखा धरायचे, आणि तिची तारीख नसेल तर लग्न पुढे ढकलायचे.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, नोएमीला, मागणी येणार ठरलं. मुलगा उलिसेस, शेजारच्या गावातल्या दोन्या ब्रिहिदा या बाईचा. मागणी घालायला मुलाकडचे सगळे वाजतगाजत येणार. पाव, चॉकलेट, मेणबत्त्या, जिवंत टर्की घेऊन. आदल्या दिवशी नोएमी बापाजवळ येऊन उभी राहिली.

"पपा, तेवढे ते डबे हलवा ना."

"कुठले डबे?"

"पपा! ती माणसं काय म्हणतील? पोरीच्या घरी धोत्र्याचं रान आहे म्हणतील. मी उलिसेसला पाजलं म्हणतील."

एव्होदियोने निमूटपणे सगळे डबे गच्चीवर नेले. खाली फक्त एक झाड उरलं, कपडे धुवायच्या दगडामागच्या जुन्या हौदात. धोत्र्याची ही जात पाण्यातच वाढते, तिची दांडी पोकळ असते. किती वर्षं ती त्याला हुलकावणी देत होती. या वर्षी चिखलातून वर आली आणि नेमकी मागणीच्या संध्याकाळी पहिली कळी उमलणार होती. हौद काही हलणार नव्हता. झाड उपटायला हात धजेना. त्याने त्यावर जुनी चादर टाकली आणि मनाची समजूत घातली.

मागणी छान सुरू झाली. भाषणं झाली, टर्क्या ओरडल्या, मेस्काल दारूचे छोटे पेले फिरले. मुलाच्या मामांनी एव्होदियोला मध्ये बसवून घेतलं. ते गडगडाटी हसणारे, दांडगे लोक, आणि आयुष्यात पहिल्यांदाच असे पुरुष त्याला आपल्यातला मानून पाठीवर थापा मारत होते. कारखान्यात तो बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणून प्रसिद्ध होता. एल्पिदियाने स्वयंपाकघरातून मोलेचा हंडा आणून अंगणात ठेवला आणि पळी हातात घेतली. दोन्या ब्रिहिदा जेवणाआधी हात धुवायला दगडाकडे गेली, आणि तिथून तिची किंकाळी आली.

सगळे धावले. हात पुसायला ओढलेली चादर तिच्या हातात होती. हौदातलं फूल नुकतंच उमललं होतं आणि त्याचा वास अंगणभर पसरला होता. दोन्या ब्रिहिदाने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला.

"धोत्रा! अगं आई गं! आणि झाकून ठेवलेला! हा कोणाचा?"

मामा एव्होदियोकडे बघत होते. त्यातला एक आधीच हसू लागला होता, "काय दॉन एव्होदियो, फुलंबिलं लावता की काय?" आणि एव्होदियोला वाटलं, आता हे सगळे हसणार. पुरुषासारखा पुरुष आणि फुलं लावतो म्हणणार. बाईने फुलं लावली तर त्यात काय मोठं? तेवढाच विचार त्याच्या डोक्यात आला. फूल कसलं आहे, हे या गावातल्या माणसाने विसरू नये, पण तो विसरला.

"बायकोचा आहे," तो म्हणाला. "तिला हौस."

शब्द तोंडातून निघाला आणि अंगणातली हवाच बदलली. कुणी हसलं नाही. सगळ्या बायका एल्पिदियाकडे बघत होत्या, मग तिच्या हातातल्या पळीकडे, मग हंड्याकडे. एव्होदियोला कळलं. जीभ चावली त्याने. अजून वेळ होता, अजून तोंड उघडता आलं असतं.

एल्पिदियाने त्याच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग मुलीकडे पाहिलं, नोएमी पांढरीफटक पडली होती.

"हो, माझाच," एल्पिदिया म्हणाली. "पोराबाळांचा हात लागू नये म्हणून झाकला होता. चला, जेवण गार होतंय."

एव्होदियो मान खाली घालून उभा राहिला. मोलेला कुणी हात लावला नाही. दोन्या ब्रिहिदाचं पोट अचानक बिघडलं, एका मामाला डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं आठवलं, बाकीच्यांनी आणलेला पाव आपणच खाल्ला. मागणी मोडली नाही, कारण उलिसेस हटून बसला: लग्न करीन तर हिच्याशीच. त्याने तर आणखीच घोटाळा झाला. आईचं न ऐकणारा मुलगा म्हणजे त्यालाही पाजलेला, असा सरळ हिशोब लोकांनी लावला.

पाहुणे गेल्यावर एव्होदियो हंड्याजवळ उभा राहिला. एल्पिदिया मोले डब्यांत भरत होती.

"म्हातारे, मी..."

"तो झाकणाचा डबा दे इकडे," ती म्हणाली.

तो वाट बघत राहिला, ती ओरडेल, भांडी आपटेल, निदान टोमॅटोचं तरी काढेल. तिने काहीच काढलं नाही. त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

मग तारखा परत जाऊ लागल्या. कुणी म्हणालं, पुतणीला सांगितलंय यंदा. कुणी म्हणालं, मोले नाही करत आता, भातच करतो. कुणी काहीच न सांगता दुसरीकडे गेलं. एल्पिदिया भाजायला आणलेल्या मिरच्या उन्हात घालायची, पुन्हा पोत्यात भरायची. बाजारात मिठाईवालीने तिच्या हातची सुटी नाणी आधी टेबलावर ठेवायला लावली आणि मग उचलली. हे एव्होदियोने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, दोन पावलं मागे उभं राहून, आणि तिथेही तो काही बोलला नाही.

एक दिवस तो गच्चीवरच्या डब्यांतले धोत्रे उपटायला निघाला. एल्पिदियाने जिन्यातच अडवलं.

"राहू दे. आता उपटलेस तर म्हणतील, मीच उपटायला लावले."

शेवटी तो आपल्या जिवलग मित्राकडे गेला. तोरिबियो, नोएमीचा धर्मपिता, म्हणजे एव्होदियोचा कोंपाद्रे, आणि कारखान्यातला सोबती. चौकातल्या बाकावर बसून एव्होदियोने सगळं सांगितलं: बिया, सँडपेपर, मुंग्या, हौद, सगळं त्याचं, एल्पिदियाने एका झाडाला कधी पाणीसुद्धा घातलं नाही, तो भित्रा, तो खोटा बोलला.

तोरिबियोने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काय गुणी झालास रे, कोंपाद्रे. तिच्यासाठी सगळं अंगावर घेतोस."

"अरे, अंगावर घेत नाही! खरंच माझे आहेत ते!"

"बरं बरं. माझे म्हण. चिडू नकोस." आणि तोरिबियोने त्याचे डोळे निरखून पाहिले, धोत्रा पाजलेल्यासारख्या बाहुल्या मोठ्या झाल्यात का ते बघायला.

एव्होदियो घरी परतला तो रस्ताभर कुणाकडे न बघता.

लग्नाच्या दिवशी मुलाकडच्यांनी मोले दुसऱ्या गावाहून मागवला. निरोप अगदी गोड होता: मुलीच्या आईने त्या दिवशी तरी हात भाजून घेऊ नयेत, तिने मानाने बसावं. एल्पिदिया मानाने बसली. नवा निळा झगा, केसांत फूल नाही. मांडवात दोन गावांची माणसं होती आणि त्यातल्या अर्ध्यांच्या लग्नात तिने पळी फिरवली होती. तिच्यापुढे परक्या बाईच्या मोलेचं ताट आलं. तिने तोर्तियाचा, मक्याच्या पोळीचा, तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

ते एव्होदियोला बघवेना. मुलीच्या बापाने आशीर्वादाचे दोन शब्द बोलायची वेळ आली होती. तो पेला न घेताच उभा राहिला.

"मला एक सांगायचंय. त्या दिवशी मी खोटं बोललो. धोत्रे माझे आहेत. मी लावले, मी वाढवले. माझ्या बायकोचा त्यांच्याशी काही संबंध नाही. तुम्ही हसाल म्हणून मी तिचं नाव घेतलं. मला लाज वाटते. तिच्या हातचं खाऊन तुम्ही सगळे मोठे झालात, आणि मी... मला लाज वाटते."

तो थांबला. वादकांनी वाद्यं मांडीवर ठेवली होती. मग दोन्या ब्रिहिदाने शालीच्या टोकाने डोळे टिपले. तिला खरंच वाईट वाटलं होतं, आणि तिचा आवाज शेवटच्या टेबलापर्यंत गेला.

"बिचारा गं. लोकांसमोर असं बोलायला लावलंय बघा त्याला. काय पाजलंय, देव जाणे."

सगळीकडून हळहळ उठली. एका मामाने टाळी वाजवली, त्याला वाटलं भाषण संपलं.

"नाही, ऐका..." एव्होदियो म्हणाला.

एल्पिदियाने त्याची बाही ओढली. "बस, म्हाताऱ्या."

तो लगेच बसला. आणि तो किती लगेच बसला, हे साऱ्या मांडवाने पाहिलं.

एल्पिदियाने त्याचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. रागाने नाही. मग वाकून, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "हे त्या दिवशी हौदाजवळ बोलला असतास, तर लोक हसले असते रे. नुसते हसले असते."