नाकाची शपथ नव्हती

बाटली गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी मालकीणबाई तिच्या गळ्यावर तळहात ठेवायच्या आणि विचारायच्या, "बरं, आज जेवायला काय?" उत्तर पटलं तरच हात निघायचा.

तुम्ही अशी दुकानदारीण पाहिली आहे का? मी नव्हती पाहिली. जर्मनीत रेगेन्सबर्गला शिकत असताना शनिवारी मी त्यांच्या वाईनच्या दुकानात खोकी उचलायला जात असे. पहिल्याच दिवशी एक सुटातले गृहस्थ आले. त्यांना सॉन्सेर हवी होती. फ्रान्सची पांढरी, कोरडी, म्हणजे गोडवा अजिबात नसलेली वाईन. जेवायला मोहरी लावलेले सॉसेज आहेत, असं ते म्हणाले. मालकीणबाईंनी बाटली परत फळीवर ठेवली.

"सॉसेजबरोबर ही? बिअर प्या."

गृहस्थ मुकाट निघून गेले. मी हबकलो. आमच्या तालुक्याच्या बाजारात आलेलं गिऱ्हाईक असं कोणी घालवत नाही.

"कोण होते?"

"माझे डॉक्टर," त्या म्हणाल्या.

मी मनात त्यांना बाई म्हणू लागलो, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

माझे वडील दारूनं गेले. जर्मनीला निघताना आईनं देवापुढे शपथ घ्यायला लावली होती, थेंबही घ्यायचा नाही. हे मी बाईंना त्याच दिवशी सांगून टाकलं. काम जायचं असेल तर आत्ताच जाऊ दे म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"शपथ तोंडाची ना? नाकाची नाही ना? मग ये, वास घे."

मी सॉन्सेरच्या ग्लासात नाक घातलं आणि मला दारातून आत येणारे वडील दिसले. बाकी काही नाही. बाई मात्र शांतपणे सांगत होत्या: लिंबाची साल, कच्चं सफरचंद, नुकतं कापलेलं गवत, ओला दगड. सोबत काय? शेळीच्या दुधाचं चीज, लोण्यात परतलेला ट्राउट मासा, मे महिन्यातला पांढरा श्पार्गल, म्हणजे ॲस्परॅगसचे कोंब.

सनावळ्या पाठ करून मी केंद्रात पहिला आलेला. हेही वहीत लिहून पाठ केलं. महिन्याभरात गिऱ्हाइकांना धडाधड ऐकवू लागलो. एकानं कौतुकानं विचारलं, "हा कुठे शिकला?"

"यानं अजून चाखलेली नाही," बाई म्हणाल्या. तो मोठ्यानं हसला. त्याला ती थट्टा वाटली.

एका चतुर्थीला माझ्या डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. बाईंनी चमचाभर खाल्ली. शेंगदाणे, बटाटा, मिरची, वर पिळलेलं लिंबू. लगेच उठून त्यांनी सॉन्सेर उघडली.

"अहो, आज माझा उपास आहे!" मी ओरडलोच.

त्यांनाच धक्का बसला. "मग? आमच्या मठातले साधू उपासासाठीच तर कडक बिअर करायचे. उपासाला काय नुसतं पाणी प्यायचं?"

त्या दिवशी आम्ही एकमेकांना काहीच पटवू शकलो नाही. बाईंनी माझा अर्धा डबा मात्र संपवला. आणि तेव्हापासून दर शनिवारी एकच धोशा: "एकदा तुझ्या जिभेनं सांग. मला माझंच परत ऐकवू नकोस."

मी नुसती मान हलवायचो. पुढे इंगोलश्टाटला नोकरी लागली आणि शनिवार सुटले.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचा फोन आला, "आई हॉस्पिसमध्ये आहे. तुला बोलावते आहे." गेलो. बरं न होणाऱ्या माणसांना शेवटचे दिवस ठेवतात ती ही जागा. बाईंना आता गिळता येत नव्हतं. नर्स हातात ग्लास आणि काडीला लावलेला बारीक स्पंज घेऊन आली. तिनं स्पंज ग्लासात बुडवला आणि बाईंच्या ओठांवर फिरवला. ग्लासात सॉन्सेर होती! आमच्याकडे अशा वेळी गंगाजल घालतात. मी नर्सला खुणेनं विचारलं, हे काय?

"ज्याला जे आवडतं ते," ती म्हणाली.

"फार थंड आहे," बाई पुटपुटल्या. मग ग्लासाकडे आणि माझ्याकडे बोट केलं. "आता तू."

मी व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला. सगळं सांगितलं. तिनं विचारलं,

"तुला काम देणाऱ्या त्याच ना?"

"हो."

"शुद्धीवर आहेत?"

"आहेत."

"मग शपथ माझी होती, मी सोडवते. जाणाऱ्या माणसाला नाही म्हणू नये. एक घोट घे. दुसरा घेतलास तर बघ."

ज्या आईनं आयुष्यभर दारूपायी सोसलं, ती हे बोलत होती.

आत आलो आणि एक घोट घेतला. बाईंची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती. वहीतले सगळे शब्द डोक्यात रांगेनं उभे होते. जिभेवर त्यातला एकही नव्हता. खोटं बोलणं सोपं होतं.

"आंबट," मी म्हणालो. "बाई, ही नुसती आंबट आहे."

बाई हसू लागल्या. हसता हसता खोकला लागला, नर्स धावत आली, तिनं मला बाहेर काढून दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी बाई गेल्या. त्यांचा शेवटचा आवाज मी ऐकला तो त्या बंद दारातून. खोकल्याच्या मधूनमधून त्या नर्सला सांगत होत्या, "ऐकलंस? आंबट म्हणतो!"