हळूच मारलेली थापड

आठवीत आमच्या इंग्रजीच्या सरांची एक पद्धत होती. ज्याचं उत्तर बरोबर, त्यानं चुकणाऱ्याच्या गालात थापड मारायची. सरांचा हात दुखत नसे आणि वैर आम्ही आपसात वाटून घ्यायचो.

आमच्या खेड्यातून गोरेगावच्या त्या शाळेत मी आणि माझी मैत्रीण एकाच जीपने जायचो. हुशार म्हणून मिरवायचे मी. पण एकदा माझं चुकलं आणि तिचं बरोबर आलं. गालावरची माशी हाकलावी तशी तिनं मला हळूच थापड मारली. वर्ग हसला. जोरात मारली असती तर मी विसरून गेले असते. तिची ती दया मला सहन झाली नाही.

एरवी ती इंग्रजीत कच्चीच होती. "आणखी एकदा चुकलीस की बापाला बोलावीन," असं सरांनी तिला बजावलं होतं. बाप तर तिला शाळेतून काढायला निमित्तच शोधत होता. पुढच्या आठवड्यात जीपमध्ये तिनं वही उघडली. 'शी' आलं की क्रियापदाला एस लागतो, हे तिचं पाठ झालं होतं.

"पण 'दे'ला काय करायचं गं? आज चुकले तर माही शाळा बंद."

"'दे' म्हंजे लई जणं. मंग लागंलच की एस," मी म्हणाले. मला खरं उत्तर येत होतं.

सरांनी नेमकं तेच विचारलं. तिनं फळ्यावर एस लावला आणि विश्वासानं माझ्याकडे बघितलं. मी उठले, एस पुसला आणि तिच्या गालात अशी ठेवून दिली की सर "शाब्बास" म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. कोणी सांगितलं होतं, ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाप आला आणि तिला दप्तरासकट घेऊन गेला.

आता त्याच शाळेत मी इंग्रजी शिकवते. यंदा ती लेकीचं नाव घालायला आली. मला ओळखलं, तरी "बाई, तुमी" असंच बोलली. माफी ओठांवर आली होती. मी फॉर्म पुढे सरकवला.

निघताना ती माझ्यादेखत लेकीला म्हणाली, "बाई सांगतील ते ध्यान देऊन ऐक. पण घरी आल्यावर एकदा पुस्तकात बघून घेत जाय."