तापलेला फोन आणि टांगलेली कॉइल

“मॅडम, तुमचा मानूस कॉइलच्या खालून गेला, पन मेला नाय,” म्हात्रे फोनवर म्हणाले.

मी हसले. ते हसले नाहीत.

म्हात्रे कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका यार्डाचे सेफ्टी सुपरवायझर. पत्र्याच्या टनावारी वजनाच्या गुंडाळ्या, म्हणजे कॉइल, तिथे क्रेनने हलवतात. टांगलेल्या मालाखालून चालायचं नाही, हा तिथला पहिला नियम. तो कामगारांच्या अंगवळणी पडावा म्हणून आम्ही मोबाईल गेम बनवला होता. गेममधल्या कॉइलखाली एक अदृश्य, पातळ पडदा. माणूस त्याला टेकला की सायरन, खेळ खलास. म्हात्र्यांच्या यार्डात चाचणी चालू होती. सोमवारपासून गेम बाकीच्या यार्डांत जायचा होता.

खांदा कॉलनीतल्या आमच्या एसी ऑफिसात मी दिवसभर त्या माणसाला कॉइलखालून पळवलं. दर वेळी मेला.

“आपल्याकडे तसं पुन्हा घडत नाही ना? मग सोड,” आमचे बॉस नाईक सर म्हणाले. “सोमवारची डेट मी क्लायंटला दिलीय.”

पण म्हात्रे उगाच फोन करणाऱ्यातले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रिक्षा करून यार्डात गेले. पत्र्याची शेड नुसती तापली होती. बाला नावाचा कामगार फोनवर आमचाच गेम खेळत बसला होता. त्याचा स्कोअर सगळ्यांच्या वर.

“थांबा, फोन तापू द्या,” तो म्हणाला. “तापला की मधून जाता येतं. शॉर्टकट हाय.”

आणि त्याने जाऊन दाखवलं. ना सायरन, ना काही. उलट लवकर पोचल्याचे बोनस पॉइंट!

मग डोक्यात प्रकाश पडला. गेममधलं चित्र सेकंदाला कितीतरी वेळा नव्याने काढलं जातं. त्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. फोन तापला की तो मंदावतो आणि फ्रेम कमी होतात. मग तेवढंच अंतर कापायला माणूस दर फ्रेमला मोठी ढांग टाकतो. कोण कशाला आदळलं हे बघणारं सॉफ्टवेअर म्हणजे फिजिक्स इंजिन. आमचा कोड त्याला न विचारताच माणसाला उचलून पुढे ठेवायचा. एका फ्रेमला पडद्याच्या अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे. तो पडद्याला टेकलाच नाही, तर इंजिन बिचारं काय बोंबलणार?

कारण सापडलं म्हणून मी खूश. तेवढ्यात भोंगा वाजला आणि शेडमध्ये एक खरी कॉइल उचलली गेली. बाला डबा आणायला उठला. आखून दिलेला लांबचा रस्ता सोडून तो सरळ तिच्याखालून निघाला.

कॉइल हळूहळू झुलत होती, साखळी करकरत होती. आता पडेल, आता पडेल, एवढंच डोक्यात. बाला मात्र रमतगमत चालला होता.

“बाला!” म्हात्रे किंचाळले. तोवर तो पलीकडे पोचलाही होता.

म्हात्र्यांनी धावत जाऊन त्याची गचांडी धरली. “कवापासून जातंस असा?”

“आधी नाय जायचो,” बाला म्हणाला. “आता गेममदी पास झालो ना.”

मी तिथूनच नाईक सरांना फोन लावला.

“सर, सोमवारी गेम जाणार नाही.”

“अगं, डेट दिलीय मी!”

“माणूस मेला असता, सर.”

“गेममधला?”

“खरा.”

नाईक सर म्हणाले, “काढून टाक सगळ्या फोनवरून. आत्ता.”

दुरुस्ती फार मोठी नव्हती. माणसाचं चालणं फिजिक्स इंजिनच्या हाती दिलं. फ्रेम कितीही कमी होवोत, ते त्याला छोट्या पावलांनी चालवतं आणि दोन पावलांमधली वाटही तपासतं. पातळ पडदा काढून कॉइलखालची अख्खी जागाच धोक्याची केली. जुने स्कोअर पुसले. नवी चाचणी यार्डातच घेतली, भर दुपारी. माणूस ज्या हवेत काम करतो त्याच हवेत प्रोग्रॅम तपासावा, एवढं शिकले. क्रेनचा भोंगा ऐकला की मात्र अजून आधी वर बघते.

नव्या व्हर्जनमध्ये बाला पहिल्याच फेरीत मेला.

“मॅडम, तुमी गेम बिगडवला,” तो कुरकुरला.

त्याची तक्रार मी रीतसर नोंदवून घेतली आणि ‘दुरुस्त करणार नाही’ असा शेरा मारून बंद केली.